डेटाबेसखालील डिस्कचा आकार बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील बहुतेक उत्तरे लिनक्सवर चालणारा पोस्टग्रेस डेटाबेस डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, कारण विचारले जाणारे प्रश्नही बहुतांशी तिथलेच असतात. मायएसक्यूएल, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर यांची तऱ्हा जिथे वेगळी आहे, तिथे ती स्वतंत्रपणे सांगितली आहे. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत द्यावी लागतील.

डिस्क ५०० जीबीवरून ८०० जीबी केली, तरी डेटाबेसला जुनीच जागा का दिसते?

डिस्क आणि डेटाबेस यांच्यामध्ये अनेक थर असतात आणि वाढलेल्या जागेची वर्दी प्रत्येक थराला वेगवेगळी द्यावी लागते. सर्वांत खाली खरी किंवा आभासी डिस्क असते, तिच्यावर पार्टिशन, त्यावर एलव्हीएमचा (लिनक्समधील, डिस्कची जागा गटात घेऊन वाटून देणारी व्यवस्था) फिजिकल व्हॉल्यूम, त्यातून कोरलेला लॉजिकल व्हॉल्यूम, त्यावर फाइल सिस्टम आणि सर्वांत वर डेटाबेस. क्लाउडच्या पडद्यावर आकडा बदलला म्हणजे फक्त तळमजला वाढला. वरच्या मजल्यांना त्याची खबर नसते.

निदान करण्याची सोपी रीत अशी: 'एलएसबीएलके' (डिस्क आणि पार्टिशनचे आकार दाखवते) आणि 'डीएफ' (फाइल सिस्टममधील जागा दाखवते) या दोन आज्ञांचे उत्तर शेजारी शेजारी ठेवून पाहावे. पहिलीत डिस्कसमोर ८०० आणि दुसरीत फाइल सिस्टमसमोर ५०० दिसत असेल, तर मधल्या कोणत्यातरी थरापर्यंत निरोप पोहोचलेला नाही. 'एलएसबीएलके'मध्येच ५०० दिसत असेल, तर कर्नेललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, बदल कळलेला नाही आणि डिस्कचे रिस्कॅन करावे लागेल. सॅनवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यावरून, अनेक मार्गांनी आलेली डिस्क असेल, तर प्रत्येक मार्गाचे रिस्कॅन करून त्यानंतर मल्टिपाथच्या (हे मार्ग एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थेच्या) नकाशालाही नवा आकार कळवावा लागतो. यातला एखादा मार्ग विसरणे फार सोपे असते.

डिस्क वाढवण्याआधी काय तपासावे?

जागा कोणी खाल्ली, हे. डिस्क वाढवणे सोपे असले तरी ती पुन्हा लहान करणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे चुकीच्या कारणासाठी वाढवलेल्या डिस्कचे बिल कायमचे मानगुटीवर बसते.

पोस्टग्रेसमध्ये नेहमीचा गुन्हेगार म्हणजे बेवारस रिप्लिकेशन स्लॉट. एखादी रिप्लिका, म्हणजे मुख्य सर्व्हरची सतत ताजी होणारी प्रत, कधीच काढून टाकलेली असते, पण तिच्या नावाचा स्लॉट, म्हणजे ती कुठवर वाचून झाली याची नोंद, मुख्य सर्व्हरवर तसाच राहतो आणि 'ती परत येईल' या आशेवर सर्व्हर वॉल फाइली (प्रत्येक बदल आधी लिहून ठेवणारी नोंदवही) साठवत बसतो. आवृत्ती १३ पासून 'मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ' या सेटिंगने त्याला मर्यादा घालता येते, परंतु मुळात ते सेटिंग अमर्याद असते. दुसरे कारण म्हणजे वॉल फाइली संग्रहित करणारी आज्ञा सतत अपयशी ठरणे; संग्रह होत नाही तोवर फाइल पुसली जात नाही.

काही कारणे डेटाबेसच्या बाहेरची असतात. पुसलेली पण एखाद्या प्रक्रियेने अजून उघडी धरलेली फाइल 'डीयू'ला (फाइलींचे आकार मोजणाऱ्या आज्ञेला) दिसत नाही, मात्र 'डीएफ'च्या हिशेबात असते. अशा फाइली 'एलएसओएफ'ने शोधता येतात. ईएक्सटी४ फाइल सिस्टम मुळात पाच टक्के जागा रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, म्हणजे एक टेराबाइटच्या निव्वळ डेटाच्या डिस्कवर सुमारे ५० जीबी जागा निष्कारण अडून राहते. 'ट्यून-२-एफएस'ने हे प्रमाण चालू स्थितीत कमी करता येते आणि डेटाच्या डिस्कवर ते एक टक्का करायला हरकत नसते. रूटच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम असलेल्या, डिस्कवर मात्र ते तसेच राहू द्यावे.

डेटाबेस चालू ठेवून डिस्क वाढवता येते का?

बहुतेक ठिकाणी येते. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ या दोन्ही फाइल सिस्टम माउंट, म्हणजे वापरात जोडलेल्या, असताना वाढतात, पोस्टग्रेस पुन्हा सुरू करावा लागत नाही आणि फाइल सिस्टम वाढवण्याच्या पायरीला सहसा काही सेकंदच लागतात.

अपवाद आधीच माहीत असावेत. व्हीएमवेअर या आभासी मशिन चालवणाऱ्या प्रणालीत त्या मशिनचा स्नॅपशॉट (एका क्षणाची जपलेली स्थिती) अस्तित्वात असेल, तर डिस्क वाढवता येत नाही. आधी तो काढून त्यातील बदलांचे मूळ डिस्कशी एकत्रीकरण पूर्ण होऊ द्यावे लागते. अझ्युअरवर चार टेराबाइट किंवा त्याहून लहान असलेली प्रीमियम एसएसडी चार टेराबाइटच्या पुढे न्यायची असेल, तर मशिन नुसते थांबवून भागत नाही, ते 'डीअॅलोकेट' करावे लागते आणि डिस्क सोडवावी लागते. तरीही, चालू स्थितीत काम होते याचा अर्थ ते कधीही करावे असा होत नाही. पतसंस्थेच्या सर्व्हरवर ३१ मार्चच्या संध्याकाळी हे काम करू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

आधी स्नॅपशॉट घेतला की बॅकअप झाला असे समजावे का?

समजू नये. क्लाउडचा स्नॅपशॉट हा अचानक वीज गेली त्या क्षणी डिस्क जशी असती, तसा असतो. पोस्टग्रेस किंवा इनोडीबी (मायएसक्यूएलचे साठवण इंजिन) त्यातून वॉल अथवा रीडू लॉगच्या (त्याच धर्तीच्या बदल-नोंदीच्या) आधारे स्वतःला सावरतात, हे खरे. परंतु डेटा एका व्हॉल्यूमवर आणि वॉल दुसऱ्यावर असेल आणि दोघांचे स्नॅपशॉट काही सेकंदांच्या अंतराने घेतले असतील, तर ते एकमेकांशी जुळतीलच याची खात्री देता येत नाही. अशा वेळी सर्व व्हॉल्यूमचा एकाच क्षणी स्नॅपशॉट घेणारी सोय वापरावी, किंवा डेटाबेसला बॅकअप स्थितीत नेऊन मग स्नॅपशॉट घ्यावेत.

त्याशिवाय एक तार्किक (डेटाचा डम्प) किंवा भौतिक (फाइलींची प्रत) बॅकअप वेगळ्या ठिकाणी असावा आणि तो कधीतरी दुसऱ्या मशिनवर उभा करून पाहिलेला असावा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने रिप्लिका समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसली. चूक लक्षात येऊन आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरले होते. त्यांचे नित्याचे डम्प आवृत्ती न जुळल्यामुळे मुकाट्याने अपयशी ठरत होते आणि शेवटी कामी आला तो सहा तास आधी वेगळ्याच कारणासाठी हाताने घेतलेला एलव्हीएम स्नॅपशॉट. कंपनीने हे सारे स्वतःहून जाहीर केले, म्हणून ते आज आपल्याला वाचता येते. आकार बदलणाऱ्याने यातून उचलायची सवय साधी आहे: प्रत्येक आज्ञेआधी प्रॉम्प्टमधले सर्व्हरचे नाव वाचावे, आणि दोन सर्व्हरच्या खिडक्या एकाच रंगाच्या ठेवू नयेत.

प्रत्यक्ष कामाचा क्रम कसा असतो?

एक उदाहरण घेऊ. क्लाउडवरची ५०० जीबीची एनव्हीएमई डिस्क आहे, तिच्यावर एकच पार्टिशन, त्यावर एलव्हीएम आणि एक्सएफएस. डिस्क ८०० जीबीची करायची आहे.

प्रथम 'एलएसबीएलके', 'पीव्हीएस', 'व्हीजीएस', 'एलव्हीएस' (एलव्हीएमचे फिजिकल व्हॉल्यूम, गट आणि लॉजिकल व्हॉल्यूम दाखवणाऱ्या आज्ञा) आणि 'डीएफ' यांची आताची उत्तरे एका फाइलमध्ये साठवून ती फाइल दुसऱ्या मशिनवर ठेवावी. त्यानंतर आपण बदलणार आहोत तीच डिस्क आहे ना, याची खातरजमा करावी. अॅमेझॉनच्या नव्या मशिनवर कन्सोलमध्ये दिसणारे नाव आणि लिनक्समध्ये दिसणारे नाव वेगळे असते, आणि मशिन पुन्हा सुरू झाल्यावर डिस्कांचा क्रम तोच राहील याची शाश्वती नसते. म्हणून डिस्कचा सिरियल क्रमांक व्हॉल्यूमच्या ओळखक्रमांकाशी ताडून पाहावा. माउंटच्या नोंदीतही डिस्कचे नाव न लिहिता यूयूआयडी (फाइल सिस्टमचा स्वतःचा ओळखक्रमांक) लिहावा.

स्नॅपशॉट घेऊन झाला की कन्सोलमध्ये आकार ८०० करावा. आता 'एलएसबीएलके'मध्ये डिस्कसमोर ८०० आणि पार्टिशनसमोर ५०० दिसेल. 'ग्रोपार्ट' ही आज्ञा पार्टिशन वाढवते. तिला डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा क्रमांक असे दोन वेगळे शब्द द्यावे लागतात. ते जोडून लिहिले की आज्ञा चालत नाही आणि नवखा माणूस अर्धा तास भलतीकडेच चूक शोधत बसतो. पुढे फिजिकल व्हॉल्यूम वाढवणारी 'पीव्हीरिसाइझ' चालवल्यावर 'व्हीजीएस'च्या मोकळ्या जागेच्या रकान्यात सुमारे ३०० जीबी येतात.

यानंतरची पायरी लॉजिकल व्हॉल्यूम वाढवणारी 'एलव्हीएक्सटेंड', आणि ती जरा सावकाश करावी. आकाराच्या आकड्याआधी अधिक चिन्ह दिले तर 'इतकी भर घाला' असा अर्थ होतो आणि न दिले तर 'एकूण इतके करा' असा. चिन्ह विसरून नुसते २८० लिहिले तर 'एलव्हीएक्सटेंड' नकार देते, कारण तिला लहान करता येत नाही. तिची बहीण 'एलव्हीरिसाइझ' मात्र तेच वाक्य 'व्हॉल्यूम २८० जीबीचा करा' असे वाचते आणि लहान करायला निघते. ती आधी इशारा देते आणि विचारते हे खरे, पण रात्री दोन वाजता होकाराचे बटण फार पटकन दाबले जाते. म्हणून वाढवायचे असेल तेव्हा 'एलव्हीएक्सटेंड'च वापरावी. सगळी मोकळी जागाही एकदम देऊन टाकू नये. ३०० पैकी २८० द्यावी आणि २० जीबी गटात शिल्लक ठेवावी. ती पुढे कधी एलव्हीएम स्नॅपशॉटसाठी किंवा अडचणीच्या रात्री उपयोगी पडते.

शेवटी फाइल सिस्टम वाढवणारी 'एक्सएफएस-ग्रोएफएस'. हिला माउंट केलेल्या डिरेक्टरीचा पत्ता द्यायचा असतो, तर ईएक्सटी४साठीच्या 'रिसाइझ-२-एफएस'ला व्हॉल्यूमचा. ही शेवटची पायरी विसरली जाऊ नये म्हणून 'एलव्हीएक्सटेंड'ला आर हा पर्याय देऊन दोन्ही कामे एकत्र करता येतात. 'डीएफ' पाहावे, डेटाबेसचा आणि कर्नेलचा लॉग पाहावा, एक छोटा व्यवहार करून पाहावा.

'ग्रोपार्ट' उपलब्ध नाही. पार्टिशन पुसून मोठे तयार केले तर डेटा जातो का?

पार्टिशन म्हणजे डिस्कच्या कोष्टकातील सुरुवात आणि शेवट सांगणारी नोंद. नोंद पुसल्याने आतला डेटा जात नाही. नवी नोंद त्याच सेक्टरवर (डिस्कच्या छोट्या क्रमांकित तुकड्यावर) सुरू झाली, तर फाइल सिस्टम जशीच्या तशी सापडते. सगळा धोका त्या 'त्याच सेक्टरवर'मध्ये आहे.

हे आम्ही एकदा अनुभवले आहे. एका जुन्या सर्व्हरवरचे पार्टिशन पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे ६३व्या सेक्टरपासून सुरू होत होते. आम्ही ते पुसले, नवे करताना 'एफडिस्क'ने सुचवलेला २०४८ हा आकडा एंटर दाबून स्वीकारला आणि माउंट करायला गेलो तर तिथे फाइल सिस्टमच नाही. घामाने भिजायला एवढे पुरेसे होते. सहकाऱ्याने काम सुरू करण्याआधी जुन्या कोष्टकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता; त्यातला ६३ वाचून पार्टिशन पुन्हा केले आणि सगळे जागच्या जागी मिळाले. मधल्या वेळात कोणी नवी फाइल सिस्टम बनवली नाही, म्हणून निभावले. आजचा 'एफडिस्क' नवे पार्टिशन करताना 'इथे फाइल सिस्टमची खूण आहे, काढून टाकू का?' असे विचारतो. त्याचे उत्तर नाही असेच द्यायचे.

दोन टेराबाइटच्या पुढे डिस्क वाढत नाही, असे का?

पार्टिशनचे कोष्टक जुन्या एमबीआर पद्धतीचे असावे. ५१२ बाइटच्या सेक्टरवर त्या पद्धतीला दोन टेराबाइटच्या पुढचा पत्ता लिहिताच येत नाही, त्यामुळे जीपीटी या नव्या पद्धतीकडे वळावे लागते. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढली की ती प्रत मध्येच कुठेतरी राहते, म्हणून साधने तक्रार करतात. ती प्रत नव्या टोकाला हलवली की तक्रार थांबते.

विंडोजवर याच जातीची आणखी एक भिंत आहे. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टमची रचना ४ केबीच्या क्लस्टरने (जागावाटपाच्या एककाने) केलेली असेल, तर व्हॉल्यूम १६ टेराबाइटच्या पुढे जात नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या डेटासाठी ६४ केबीचे क्लस्टर सुचवले जातात ते वेगळ्या कारणाने, पण त्यामुळे ही भिंतही दूर सरकते.

डिस्क लहान करता येते का?

व्यवहारात नाही, असेच धरून चालावे. अॅमेझॉन, अझ्युअर आणि गूगल या तिन्हींकडे डिस्क वाढते, घटत नाही. एक्सएफएस लहान करण्याची व्यवहारात उपयोगी पडेल अशी सोय नाही. ईएक्सटी४ लहान होते, परंतु अनमाउंट करून, आणि क्रम उलटा: आधी फाइल सिस्टम, मग लॉजिकल व्हॉल्यूम. हा क्रम चुकला की फाइल सिस्टमचे शेपूट कापले जाते.

ज्याला आपण 'लहान करणे' म्हणतो, ते खरे तर लहान जागेत स्थलांतर असते आणि ते तसेच करावे. लहान डिस्क असलेली नवी रिप्लिका उभी करावी, ती मुख्य सर्व्हरच्या बरोबरीला आली की ठरवलेल्या वेळी तिला मुख्य करावे आणि जुना सर्व्हर काही दिवस तसाच ठेवून मग काढावा. एकाच मशिनवर अनेक डिस्कांचा एलव्हीएम गट असेल आणि त्यात पुरेशी मोकळी जागा असेल, तर 'पीव्हीमूव्ह'ने एका डिस्कवरचा मजकूर दुसरीवर हलवून पहिली गटातून बाहेर काढता येते. हे चालू डेटाबेसखाली होते, मात्र त्या वेळात डिस्कवर ताण पडतो.

स्थलांतराआधी डेटा खरोखर लहान झाला आहे का, हेही पाहावे. पोस्टग्रेसमध्ये साधे व्हॅक्यूम (निकामी झालेल्या ओळींची साफसफाई) केल्याने जागा टेबलाच्या आत पुनर्वापरासाठी मोकळी होते, ऑपरेटिंग सिस्टमला ती क्वचितच परत मिळते. व्हॅक्यूम फुल ती परत देते, पण टेबल पूर्ण कुलूपबंद करून आणि तितकीच नवी प्रत तयार करून. म्हणजे डिस्क भरत आली असताना हा उपाय करायला जागाच नसते. मायएसक्यूएलची सामायिक आयबीडेटा फाइल एकदा फुगली की टेबले पुसूनही आक्रसत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फाइल आक्रसवण्याची आज्ञा आहे, पण ती इंडेक्सचे तुकडे करून ठेवते. नित्यकर्म म्हणून ती वेळापत्रकात लावलेली दिसली, तर ज्याने लावली त्याला शोधावे.

डिस्क मोठी केली की वेगही वाढतो का?

प्रकारावर अवलंबून आहे. अॅमेझॉनच्या जीपी२ प्रकारात दर जीबीमागे ३ आयओपीएस (दर सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनाच्या क्रिया) मिळतात, म्हणून १०० जीबीला ३०० आणि १,००० जीबीला ३,०००. केवळ वेगासाठी मोठी डिस्क घेण्याची पद्धत त्यातूनच रुजली. जीपी३मध्ये आकार कितीही असला तरी ३,००० आयओपीएस पायाभूत मिळतात आणि वेग स्वतंत्रपणे विकत घेता येतो. अझ्युअरच्या प्रीमियम एसएसडीत पायऱ्या आहेत: १२८ जीबीला ५००, ५१२ जीबीला २,३००, एक टेराबाइटला ५,०००.

बदल मागितल्यावर अॅमेझॉनचा व्हॉल्यूम काही काळ 'ऑप्टिमायझिंग' स्थितीत राहतो. त्या स्थितीत आल्याबरोबर फाइल सिस्टम वाढवता येते, परंतु पूर्ण वेग मिळायला मोठ्या व्हॉल्यूमला काही तासही लागू शकतात.

डिस्क पूर्ण भरली आणि डेटाबेस बंद पडला. आता काय?

काहीही पुसू नये. हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापून सर्व्हरच्या खोलीत लावावे असे आम्हांला वाटते.

पोस्टग्रेसमध्ये डेटाची डिस्क भरली तर लिहिणारे व्यवहार त्रुटीचा संदेश देऊन मागे फिरतात आणि सर्व्हर चालू राहतो. वॉलची डिस्क भरली तर मात्र सर्व्हर पॅनिक होऊन थांबतो. तोपर्यंत पक्का झालेला डेटा शाबूत असतो. जागा मिळाली की सर्व्हर उठून स्वतःला सावरतो. तो मोडतो ते 'लॉगच तर आहेत' म्हणून कोणी वॉल फाइली पुसल्यावर. ही चूक इतक्या लोकांनी केली की २०१७ साली आवृत्ती १० मध्ये त्या डिरेक्टरीचे नावच बदलून 'पीजी-एक्सलॉग'चे 'पीजी-वॉल' करण्यात आले, जेणेकरून नावात 'लॉग' दिसणार नाही.

मायएसक्यूएलची चाल वेगळी आहे. जागा संपली की तो सहसा मरत नाही, तर थांबून राहतो: दर मिनिटाला जागा झाली का ते पाहतो आणि दर दहा मिनिटांनी लॉगमध्ये तशी नोंद करतो. बाहेरून पाहणाऱ्याला सर्व्हर गोठल्यासारखा वाटतो आणि तो बळजबरीने बंद करण्याचा मोह होतो. त्याऐवजी जागा करून द्यावी. बायनरी लॉग (रिप्लिका वाचतात त्या बदलांच्या नोंदी) कमी करायचे असतील तर ते 'पर्ज' आज्ञेनेच करावेत, हाताने फाइली पुसून नव्हे, आणि रिप्लिकांनी ते वाचले आहेत याची आधी खात्री करावी.

अशा रात्रीसाठी एक गावठी पण गुणकारी उपाय आहे. वॉलच्या डिस्कवर दोन-तीन जीबीची एक निरुपयोगी फाइल आधीच भरून ठेवावी आणि तिच्या नावातच ती कशासाठी आहे ते लिहावे. आणीबाणीत पुसण्याजोगी तीच एक फाइल असते, आणि तेवढ्या जागेत सर्व्हर उठून शांतपणे डिस्क वाढवण्याइतका वेळ मिळतो.

ओरॅकलमध्ये डिस्क वाढवली तरी आर्काइव्हरची (रीडू लॉग संग्रहित करणाऱ्या प्रक्रियेची) चूक जात नाही.

फास्ट रिकव्हरी एरियाची, म्हणजे आर्काइव्ह लॉग आणि बॅकअप साठवण्याच्या जागेची, कमाल मर्यादा डेटाबेसच्या स्वतःच्या पॅरामीटरमध्ये लिहिलेली असते. डिस्कवर जागा असूनही ती मर्यादा गाठली की ओरॅकल पुढे लिहीत नाही. म्हणून तो पॅरामीटरही वाढवावा लागतो, किंवा आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनामार्फत बॅकअप झालेले आर्काइव्ह लॉग काढावे लागतात. डेटाफाइलचेही तसेच आहे: ८ केबी ब्लॉकच्या साध्या टेबलस्पेसमध्ये एक फाइल सुमारे ३२ जीबीच्या पुढे वाढत नाही, मग खाली कितीही जागा असो. तिथे नवी फाइल जोडावी.

आधी रिप्लिका वाढवावी की मुख्य सर्व्हर?

आधी रिप्लिका. तिथे सगळा क्रम रंगीत तालमीसारखा होऊन जातो आणि चुकलेच तर ती पुन्हा बांधता येते. शिवाय मुख्य सर्व्हर मोठा आणि रिप्लिका लहान अशी स्थिती राहिली, तर काही आठवड्यांनी रिप्लिका भरते, तिचे वाचन थांबते, तिच्या स्लॉटमुळे मुख्य सर्व्हरवर वॉल साठू लागते आणि आपण पुन्हा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराशी येऊन पोहोचतो.

कुबरनेटीसमध्ये चालणाऱ्या डेटाबेसचे काय?

कुबरनेटीस ही कंटेनर चालवणारी प्रणाली आहे. तिच्या स्टोरेज क्लासमध्ये (साठ्याच्या प्रकाराच्या व्याख्येत) व्हॉल्यूम वाढवण्याची परवानगी चालू असेल, तर दाव्यातील (जागेच्या मागणीतील) म्हणजे पीव्हीसीमधील आकडा वाढवला की पुढचे थर प्रणाली स्वतः हाताळते. ही सोय २०२२ साली आवृत्ती १.२४ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली. घोटाळा होतो तो स्टेटफुल सेटमध्ये (स्वतःचा डेटा असलेल्या पॉडांच्या गटात), कारण त्यातील व्हॉल्यूमचा साचा बदलता येत नाही. प्रत्येक पीव्हीसी स्वतंत्रपणे वाढवून, पॉड (चालू कंटेनर) न काढता नुसती स्टेटफुल सेटची व्याख्या काढून नव्या आकड्यासह पुन्हा लावावी लागते. डेटाबेससाठी ऑपरेटर (तो आपोआप सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल, तर हे काम त्याच्याच सेटिंगमधून करावे. त्याच्या पाठीमागे हाताने केलेला बदल तो पूर्ववत करू शकतो.

डिस्क आपोआप वाढण्याची सोय चालू ठेवावी का?

ठेवावी, पण वरची मर्यादा घालून. अॅमेझॉनच्या आरडीएस या तयार डेटाबेस-सेवेत मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली जाऊन किमान पाच मिनिटे तशीच राहिली आणि आधीच्या बदलाला किमान सहा तास झाले असतील, तर साठा आपोआप वाढतो. या सहा तासांकडे लक्ष द्यावे. दुपारी एकदा वाढ झाली आणि संध्याकाळी कोणी मोठी आयात सुरू केली, तर दुसरी वाढ वेळेवर होईलच असे नाही. त्यामुळे मोठ्या आयातीच्या आधी लागणारी जागा मोजून हातानेच वाढवून घ्यावी, आणि त्यात इंडेक्स बांधताना लागणारी तात्पुरती जागाही धरावी.